अमेरिकेतील बंदूक-हक्क, हिंसक गुन्हेगारी आणि कारावास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नागरिकांनी बंदूक बाळगण्याचा हक्क, हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण आणि कारावासाचे धोरण हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असून, त्यांविषयीचा वाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या देशाच्या राजकारणात सातत्याने चालू आहे. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा सुमारे ४ टक्के आहे. मात्र जिनिव्हा येथील ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संशोधनसंस्थेच्या २०१८ सालच्या अंदाजानुसार, जगभरातील नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांपैकी जवळजवळ ४६ टक्के बंदुका एकट्या अमेरिकेत आहेत. त्यांची संख्या ३९ कोटींहून अधिक, म्हणजे दर १०० लोकांमागे सुमारे १२० इतकी भरते. कारावासाच्या प्रमाणातही हा देश दीर्घकाळ जगात अग्रभागी राहिला आहे.

बंदूक-हक्काचे समर्थक म्हणतात की बंदूक हे सज्जनाच्या संरक्षणाचे साधन असून गुन्हेगारीवर खरा उपाय गुन्हेगाराला दीर्घकाळ तुरुंगात ठेवणे हाच आहे. नियंत्रणाचे समर्थक म्हणतात की बंदुकांची सुलभता हेच हिंसेच्या तीव्रतेचे मूळ आहे. १९९०च्या दशकात गुन्हेगारीत झालेली मोठी घसरण दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने पुराव्यादाखल मांडतात. आकडेवारी बारकाईने पाहिली असता हा पुरावा कोणत्याही एका पक्षाच्या पदरात पूर्णपणे पडत नाही.

दुसरी घटनादुरुस्ती

१७९१ साली मान्य झालेल्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांना एकत्रितपणे हक्कांची सनद म्हणतात. त्यांपैकी दुसरी दुरुस्ती केवळ एका वाक्याची आहे. वाक्याच्या पहिल्या भागात स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुनियंत्रित लोकसेनेच्या आवश्यकतेचा निर्देश आहे. शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येणार नाही, असे दुसरा भाग सांगतो. सारा वाद या दोन भागांच्या परस्परसंबंधाचा आहे. ज्यांनी शाळेत संस्कृत शिकले आहे त्यांना पहिल्या भागाची रचना सति सप्तमीच्या जवळची वाटेल. मराठीत ‘लोकसेना आवश्यक असल्यामुळे’ असा अनुवाद केला की हक्क लोकसेनेशी बांधला जातो. ‘लोकसेना आवश्यक असून’ असा केला की तो मोकळा होतो. मूळ इंग्रजी रचना अनुवादकावर यांपैकी एकाचीही सक्ती करीत नाही, आणि न्यायाधीशांवरही करीत नाही.

१९३९ साली सर्वोच्च न्यायालयाने मिलर खटल्यात नळी कापून आखूड केलेल्या शॉटगनवरील निर्बंध वैध ठरविला. अशा शस्त्राचा सुनियंत्रित लोकसेनेशी संबंध दिसत नाही, असे कारण न्यायालयाने दिले. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे कनिष्ठ न्यायालयांनी या हक्काचा अर्थ लोकसेनेच्या संदर्भातच लावला. २००८ साली कोलंबिया जिल्हा विरुद्ध हेलर या खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने हा हक्क वैयक्तिक असल्याचा निर्णय झाला आणि राजधानी वॉशिंग्टनमधील पिस्तूलबंदी रद्द झाली. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी, तर प्रमुख भिन्नमतपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले. गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांवरील बंदी, शाळा व सरकारी इमारतींतील मनाई यांसारख्या दीर्घकालीन निर्बंधांवर या निकालाने शंका उपस्थित होत नाही, असे स्कॅलिया यांनी त्यातच नमूद केले होते. २०१० सालच्या मॅक्डोनल्ड विरुद्ध शिकागो खटल्यानंतर हा हक्क राज्ये व नगरपालिका यांच्यावरही बंधनकारक झाला.

असाच प्रश्न भारताच्या संविधानसभेपुढेही येऊन गेला होता. काँग्रेसच्या १९३१ सालच्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो संविधानात आणण्यासाठी उपसूचना मांडली. कोणीही बाजारात जाऊन विनाअडथळा शस्त्रे विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालविणे अशक्य होईल, या आशयाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिले आणि उपसूचना फेटाळली गेली. त्यामुळे भारतात बंदूक हा हक्काचा नव्हे, परवान्याचा विषय आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम त्याचे नियमन करतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात.

प्रमुख कायदे

बंदूक-नियंत्रणाचे बहुतेक संघीय कायदे एखाद्या धक्कादायक घटनेनंतर झालेले आहेत. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर १९३४ साली मशीनगन व आखूड शॉटगन यांच्यावर २०० डॉलरचा कर आणि नोंदणीची सक्ती आली. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर झाडलेली रायफल टपालाने मागविलेली होती. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या आणि त्याच वर्षीच्या बंदूक नियंत्रण कायद्याने आंतरराज्य टपालविक्री बंद केली. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तींना बंदूक बाळगण्यास सरसकट मनाई करणारी तरतूदही याच कायद्याने पक्की झाली. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावरील हल्ल्यात जायबंदी झालेले त्यांचे माध्यम-सचिव जेम्स ब्रेडी यांच्या नावाचा कायदा १९९३ साली संमत झाला. परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासणे त्याने सक्तीचे केले. १९९४च्या कायद्याने लष्करी धाटणीच्या काही अर्धस्वयंचलित बंदुकांवर आणि दहाहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवर दहा वर्षांसाठी बंदी घातली. सप्टेंबर २००४ मध्ये मुदत संपल्यावर तिचे नूतनीकरण झाले नाही.

प्रवाह दुसऱ्या दिशेनेही वाहत होता. १८७१ साली नेमबाजीच्या प्रसारासाठी स्थापन झालेली ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ ही संस्था १९७७ सालच्या सिनसिनाटी अधिवेशनातील सत्तांतरानंतर राजकीय दबावगट बनली. १९८६च्या कायद्याने बंदूकमालकांची संघीय नोंदवही ठेवण्यास मनाई केली. १९९६ साली रोगनियंत्रण केंद्राच्या निधीवर अशी अट घालण्यात आली की तो बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही. अटीचे शब्द प्रचारापुरते होते, पण परिणामी या विषयावरील संघीय संशोधनच जवळजवळ दोन दशके थंडावले. वादातील आकडे आजही अपुरे वाटतात त्याचे हे एक मोठे कारण होय. संशोधनासाठी स्वतंत्र निधी २०२० या आर्थिक वर्षापासून पुन्हा मिळू लागला.

बंदूक-नियंत्रण म्हणजे उदारमतवाद आणि बंदूक-हक्क म्हणजे पुराणमतवाद हे समीकरणही इतिहासाला धरून नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील राज्यांनी केलेल्या ‘कृष्णवर्णीय संहितां’मध्ये मुक्त झालेल्या गुलामांना शस्त्र बाळगण्यास मनाई होती. घरावर बॉम्बहल्ला झाल्यानंतर १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी अलाबामात पिस्तुलाच्या परवान्यासाठी केलेला अर्ज नाकारला गेला. १९६७ साली ब्लॅक पँथर पक्षाचे सशस्त्र सदस्य कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरल्यानंतर, भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरण्यास बंदी करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन हेच होते.

हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण

अमेरिकेत गुन्हे दोन पद्धतींनी मोजले जातात. पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचे आकडे संघीय अन्वेषण विभाग (एफबीआय) १९३० पासून संकलित करतो. पोलिसांपर्यंत न पोहोचलेले गुन्हेही कळावेत म्हणून १९७३ पासून घरोघरी पीडित-सर्वेक्षण केले जाते. खुनाचा समावेश अर्थातच सर्वेक्षणात होऊ शकत नाही.

एफबीआयच्या आकडेवारीनुसार खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर मारहाण या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण १९६० साली दर लाख लोकसंख्येमागे सुमारे १६१ होते. १९९१ साली ते ७५८ पर्यंत चढले आणि २०१४ पर्यंत त्याच्या निम्म्याहूनही खाली आले. खुनांचे प्रमाण १९६० साली ५.१, १९८० साली १०.२ आणि २०१४ साली ४.४ च्या आसपास होते. न्यूयॉर्क शहरात १९९० साली २,२४५ खून झाले होते. २०१७ साली २९२ झाले. करोना महासाथीच्या पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, देशभरातील खून जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून एका वर्षातील ही सर्वांत मोठी वाढ होती. २०२३ व २०२४ मध्ये खुनांत पुन्हा मोठी घट झाली.

हे आकडे वाचताना थोडी सावधगिरी हवी. २०२१ साली एफबीआयने नोंदणीची पद्धत बदलली तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससह अनेक ठिकाणच्या पोलिसांचे आकडे त्यात आलेच नाहीत. शिवाय जनमत चाचण्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिक जवळजवळ दरवर्षी गुन्हे वाढत असल्याचे सांगतात, प्रत्यक्षात ते कमी होत असतानाही.

कारावासाची वाढ

१९२० च्या दशकापासून १९७२ पर्यंत शिक्षा झालेल्या कैद्यांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ११० च्या जवळपास स्थिर होते. १९७२ साली राज्यांच्या व संघीय तुरुंगांत मिळून दोन लाखांहून किंचित कमी कैदी होते. २००९ साली ते सुमारे १६ लाख झाले. येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. अमेरिकेत दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणाऱ्यांसाठी ‘प्रिझन’ आणि कच्चे कैदी व अल्पमुदतीचे बंदी यांच्यासाठी स्थानिक ‘जेल’ अशी वेगळी व्यवस्था आहे. मराठीत दोहोंना तुरुंगच म्हटले जात असल्याने वृत्तपत्रांतील आकड्यांची अनेकदा सरमिसळ होते. दोन्ही मिळून २००८ साली सुमारे २३ लाख लोक बंदिवासात होते. त्यानंतर ही संख्या उतरू लागली.

वाढीमागे गुन्ह्यांपेक्षा कायद्यांतील बदलांचा हात अधिक होता. न्यूयॉर्क राज्याने १९७३ साली अमली पदार्थांसाठी कठोर किमान शिक्षा आणल्या. १९८६च्या संघीय कायद्याने क्रॅक कोकेनसाठी साध्या कोकेनच्या शंभरपट कडक निकष लावला. हे गुणोत्तर २०१० साली १८ वर आणले गेले. कॅलिफोर्नियात १९९४ पासून तिसऱ्या गुन्ह्याला किमान २५ वर्षे ते जन्मठेप असा नियम लागू झाला. तथापि, तुरुंग प्रामुख्याने अमली पदार्थांच्या किरकोळ गुन्हेगारांनी भरले आहेत ही समजूत संघीय तुरुंगांच्या आकड्यांवरून पसरलेली आहे. बहुसंख्य कैदी राज्यांच्या तुरुंगांत असतात आणि तेथील निम्म्याहून अधिक हिंसक गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगत असतात.

घसरणीच्या कारणांविषयीचे मतभेद

तुरुंगांची संख्या वाढली आणि नंतर गुन्हे घटले, म्हणून पहिल्यामुळे दुसरे घडले, असा युक्तिवाद सर्रास केला जातो. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात घसरणीच्या सुमारे एक तृतीयांश भागाचे श्रेय वाढत्या कारावासाला दिले. अधिक पोलीस, क्रॅकच्या साथीची ओहोटी आणि गर्भपाताला मिळालेली कायदेशीर मान्यता ही त्यांनी मानलेली इतर कारणे होत. यांपैकी शेवटचे कारण विशेष वादग्रस्त ठरले. बंदूक-नियंत्रणाचे कायदे आणि लपवून बंदूक बाळगण्याची मुभा देणारे कायदे, या दोहोंचाही घसरणीवर फारसा परिणाम झाला नाही, असे त्यांचे मत आहे. म्हणजे एकाच लेखाने दोन्ही पक्षांना निराश केले.

गुन्हेगारीशास्त्रज्ञ फ्रँकलिन झिमरिंग यांनी शेजारच्या कॅनडाकडे लक्ष वेधले. १९९०च्या दशकात तेथेही गुन्हे अमेरिकेसारखेच उतरत गेले, पण कॅनडाने तुरुंगांची संख्या वाढविली नव्हती. न्यूयॉर्क शहरात तर पुढे गुन्हे आणि कैदी दोन्ही एकाच वेळी घटत गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१४ सालच्या अहवालात असा निष्कर्ष काढला की वाढत्या कारावासाने गुन्हे काही प्रमाणात कमी केले असतील, मात्र ते किती हे निश्चित सांगता येत नाही आणि अतिदीर्घ शिक्षांचा धाक विशेष उपयोगी ठरत नाही. वय वाढते तसा माणूस गुन्ह्यापासून दूर होत जातो, हे त्याचे एक साधे कारण आहे.

दुसऱ्या बाजूला जॉन लॉट यांनी १९९८ सालच्या आपल्या पुस्तकात, लपवून बंदूक बाळगण्याची मुभा दिलेल्या राज्यांत हिंसक गुन्हे घटतात असे प्रतिपादन केले. याच परिषदेच्या २००४ सालच्या समितीला उपलब्ध पुराव्यावरून तसा निष्कर्ष काढता येईना; समितीचे एक सदस्य जेम्स क्यू. विल्सन यांनी खुनांच्या बाबतीत भिन्नमत नोंदविले. पुढे जॉन डोनोह्यू व सहकाऱ्यांच्या अभ्यासात उलट निष्कर्ष निघाला: असे कायदे झाल्यावर दहा वर्षांत हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्क्यांनी अधिक आढळले. बंदुकीचा स्वसंरक्षणासाठी वर्षातून किती वेळा वापर होतो या प्रश्नावरही असाच गोंधळ आहे. १९९५ सालच्या एका दूरध्वनी-सर्वेक्षणावरून ही संख्या २५ लाख सांगितली जाते, तर पीडित-सर्वेक्षणावरून ती ६० हजार ते १ लाखाच्या घरात निघते.

गुन्हे आणि प्राणघात

या वादातील सर्वांत उपयुक्त भेद झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स यांनी १९९७ साली मांडला. चोरी, घरफोडी, मारामारी यांत अमेरिका इतर संपन्न देशांहून फार वेगळी नाही. लंडन आणि न्यूयॉर्क यांची तुलना करून त्यांनी दाखविले की चोरी-घरफोडीचे प्रमाण लंडनमध्ये कमी नव्हते. परंतु अशा गुन्ह्यांत जीव जाण्याचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये कितीतरी अधिक होते. अमेरिकेचे वेगळेपण गुन्ह्यांच्या संख्येत नसून त्यांच्या प्राणघातकतेत आहे. शिकागोतील हल्ल्यांच्या नोंदींवरून झिमरिंग यांनी १९६८ सालीच असे दाखविले होते की बंदुकीच्या हल्ल्यात मृत्यू येण्याचे प्रमाण चाकूच्या हल्ल्याच्या सुमारे पाचपट असते. भांडण तेच, राग तोच, हातातले साधन मात्र वेगळे. तुरुंगाचे धोरण गुन्हेगारावर लक्ष ठेवते, साधनावर नाही. त्यामुळे गुन्हे निम्म्यावर आल्यावरही खुनांच्या प्रमाणात अमेरिका पश्चिम युरोपच्या कितीतरी पुढेच राहिली.

हा भार समाजात समान वाटलेला नाही. कृष्णवर्णीय लोक लोकसंख्येच्या सुमारे १३ टक्के असले तरी खुनाच्या बळींत ते निम्म्याहून अधिक आहेत, आणि तुरुंगांतील कैद्यांतही त्यांचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश आहे.

बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य खून नसतातच. २०२१ साली झालेल्या ४८,८३० बंदूक-मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ खून. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांत दहापैकी सुमारे नऊ जण दगावतात. विचार बदलण्यास किंवा दवाखान्यात नेण्यास अवसर राहत नाही. संरक्षणासाठी घरात आणलेली बंदूक घरातल्याच माणसासाठी अधिक धोक्याची ठरते, असे यावरून अनेक सार्वजनिक-आरोग्य तज्ज्ञ मानतात. २०२० पासून १ ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदूक हेच आहे.

सामूहिक गोळीबार

कोलंबाईन (१९९९), सँडी हूक (२०१२) आणि यूव्हाल्डे (२०२२) येथील शाळांतील हत्याकांडांनी जगाचे लक्ष वेधले. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. मृतांत मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी आणि भारतीय वंशाचे एक प्राध्यापक होते. हल्लेखोराला न्यायालयाने पूर्वीच मानसिकदृष्ट्या धोकादायक ठरविले होते, पण ती नोंद संघीय तपासणी-यंत्रणेत पोहोचली नव्हती आणि त्याला पिस्तुले रीतसर विकत मिळाली.

सँडी हूक येथे २० मुले आणि ६ कर्मचारी मारले गेल्यावरही, तपासणीची व्याप्ती वाढविणाऱ्या प्रस्तावाला एप्रिल २०१३ मध्ये सेनेटमध्ये ५४ मते पडली. हवी होती ६०. यूव्हाल्डेनंतर जून २०२२ मध्ये झालेला कायदा हा जवळजवळ तीन दशकांतील पहिला महत्त्वाचा संघीय कायदा होय. एकूण बंदूक-मृत्यूंत सामूहिक गोळीबारांचा वाटा अत्यल्प आहे. ज्या रायफलींवर सारी चर्चा केंद्रित होते त्यांनी होणारे खून हत्यार ज्ञात असलेल्या खुनांच्या सुमारे ३ टक्के असतात. बहुतांश खून पिस्तुलाने होतात.

बंदुकीचे गुन्हे आणि तुरुंग

बंदूक-नियंत्रण आणि कठोर कारावास हे परस्परविरोधी पर्याय मानले जातात, पण व्यवहारात बंदूक-नियंत्रणाची अंमलबजावणी तुरुंगामार्फतच होते. व्हर्जिनियातील रिचमंड शहरात १९९७ साली ‘प्रोजेक्ट एक्झाइल’ सुरू झाला. पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाजवळ बंदूक सापडली की खटला राज्याऐवजी संघीय न्यायालयात चालवून त्याला किमान पाच वर्षांसाठी दूरच्या तुरुंगात धाडावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. रायफल असोसिएशन आणि बंदूक-नियंत्रणाची प्रमुख संघटना या दोघांनीही त्याला पाठिंबा दिला. या दोन पक्षांचे एकमत झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. शहरातील खून घटले; परंतु स्टीव्हन राफेल आणि येन्स लुडविग यांच्या अभ्यासानुसार, त्याआधीचा असाधारण चढ पाहता ती घट या उपक्रमाविनाही झाली असती.

न्यूयॉर्क राज्यात विनापरवाना भरलेली बंदूक जवळ बाळगणे हा स्वतंत्रपणे हिंसक गुन्हा गणला जातो आणि त्याला किमान साडेतीन वर्षांची शिक्षा आहे. परवान्यासाठी ‘योग्य कारण’ दाखविण्याची तेथील १९१३ पासूनची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात (२०२२) ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. त्या खटल्यात रायफल असोसिएशनच्या राज्यशाखेच्या बाजूने निवेदन देणाऱ्यांत न्यूयॉर्कमधील गरिबांचे वकीलही होते. परवाना श्रीमंतांना मिळतो आणि परवान्याअभावी तुरुंगात जातात ते आमचे कृष्णवर्णीय व लॅटिनो अशील, असे त्यांचे म्हणणे होते. दरम्यान, परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची मुभा देणाऱ्या राज्यांची संख्या २०२४ पर्यंत २९ झाली.

ब्रूएन निकालाने प्रत्येक निर्बंधाला अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत आधार असला पाहिजे अशी कसोटी घालून दिली. घरगुती हिंसाचारामुळे न्यायालयाने प्रतिबंधक आदेश दिलेल्या व्यक्तीजवळील बंदूक काढून घेता येते, हे २०२४ सालच्या रहिमी खटल्यात ८ विरुद्ध १ मतांनी मान्य झाले. शिक्षा झालेल्यांवरील आजन्म बंदीचे काय, हा प्रश्न मात्र कनिष्ठ न्यायालयांत लढविला जात आहे. पेनसिल्व्हेनियातील एका गृहस्थाने १९९५ साली सरकारी अन्नसाहाय्य मिळविण्यासाठी उत्पन्नाची खोटी माहिती दिली होती. त्याला एक दिवसही तुरुंगवास झाला नाही. परंतु त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत असल्याने त्याचा बंदुकीचा हक्क कायमचा गेला. तिसऱ्या विभागीय अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि रहिमी निकालानंतर फेरविचार करून डिसेंबर २०२४ मध्येही त्याच्या बाजूने निकाल दिला; अन्य काही अपील न्यायालयांनी सरसकट बंदी वैध मानली आहे. गेलेला हक्क परत मागण्याची तरतूद कायद्यात आहे, मात्र १९९२ पासून काँग्रेसने अशा वैयक्तिक अर्जांच्या छाननीवर निधी खर्च करण्यास संबंधित विभागाला मनाई केल्याने ती कागदावरच राहिली. २०२५ मध्ये न्याय खात्याने हे काम स्वतःकडे घेऊन हा मार्ग पुन्हा खुला करण्याच्या हालचाली सुरू केल्या.